हे शून्य कुणी लिहिलं?

खालच्या मजल्यावरच्या इरावती दाभाडेचं पत्र मला पोस्टाने आलं. आम्ही एकाच जिन्याने चढतो-उतरतो. पण मी दार लवकर उघडत नाही, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. सातवीतल्या इराने विचारलं होतं, "आजोबा, वेबसाइटवरची माहिती प्रोग्रामने गोळा करायला सगळ्यांत चांगली भाषा कोणती? कृपया एकच नाव लिहा."

जन्मभर प्रोग्राम लिहूनही ते एक नाव मला लिहिता येईना. पायथन लिहिलं की जावास्क्रिप्टवर अन्याय झाल्यासारखं वाटे. ते खोडून गो लिहिलं की पायथन आठवे. उत्तर तसंच राहिलं आणि मी जिन्यात इराची नजर चुकवू लागलो.

मग एका दुपारी दारावर धडधड झाली.

"आजोबा, पत्राचं राहू द्या. मामाला रक्त हवंय!"

इराच्या मामाला घाटात अपघात झाला होता. त्याचा रक्तगट 'बॉम्बे' (अतिशय दुर्मीळ गट, या लोकांना ओ गटाचं रक्तही चालत नाही). सगळ्या रक्तपेढ्यांचा साठा एकत्र दाखवणारी यादी नेमकी बंद पडली होती. मामाला ठेवलं होतं त्या घाटातल्या हॉस्पिटलपर्यंत रक्त फक्त ड्रोनने पोचायचं, आणि ड्रोन अंधारात घाट ओलांडत नसत.

"मैना, रक्तपेढ्यांच्या पानांचे पत्ते काढ," मी माझ्या घरयंत्राला (घर सांभाळणारं बोलकं यंत्र) सांगितलं.

"काढले. चारशेच्या वर आहेत. प्रोग्राम कुठल्या भाषेत लिहू? की हेही उद्या ठरवायचं?"

मैना प्रोग्राम लिहून द्यायची, निवड मात्र माझ्यावर सोडायची. "पायथन," मी म्हणालो. "ब्यूटिफुल सूप."

"आत्ता सूप?" इरा ओरडलीच.

"लायब्ररीचं नाव आहे गं. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रामांचा संच. वेबपान एचटीएमएलमध्ये (मजकुराची मांडणी सांगणाऱ्या खुणांची भाषा) असतं. आपण करवंटी ठेवून खोबरं खवतो ना, तसं खुणा मागे ठेवून आकडा तेवढा काढायचा. याला वेब स्क्रेपिंग म्हणतात. कुणी खुणा अर्धवट लिहिल्या असल्या, तरी सूप सांभाळून घेतं."

"पण किती हळू चाललंय!"

खरंच होतं. एक पान मागवायचं, ते येईपर्यंत थांबायचं, मग दुसरं. पायथनला अनेक पानं एकदम आणता येतात, पण त्यासाठी जास्त लिहावं लागतं आणि मी साधा प्रोग्राम मागितला होता. घाईने मी गो भाषेतली कॉली ही लायब्ररी निवडली. गोमध्ये अनेक कामं शेजारीशेजारी चालवणं सोपं असतं.

"मैना, एकाच रक्तपेढीला लागोपाठ हाका मारू नकोस. त्यांचा लहानसा सर्व्हर (पानं पुरवणारा संगणक) कोलमडला, तर दुसऱ्या कुणाला तरी रक्त मिळणार नाही."

बघता बघता तक्ता भरला. बॉम्बे गटासमोर वरपासून खालपर्यंत शून्यच.

इरा जमिनीवर बसली. भिंतीवरचं ऊन तांबूस झालं होतं. तेवढ्यात तिने मान वर केली.

"आजोबा, हे शून्य त्यांनी लिहिलंय की आपण?"

"म्हणजे?"

"या रक्तपेढीत ए शून्य, बी शून्य, ओसुद्धा शून्य. एक थेंबही नाही? मग दुकान उघडं कशाला ठेवलंय?"

आकडा सापडला नाही तर शून्य लिही, असं मीच मैनाला सांगितलं होतं. न सापडणं आणि नसणं मी एक करून टाकलं होतं!

"काही पानं आधी रिकामी चौकट पाठवतात," मी म्हणालो. "मग ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालतं आणि आकडे मागाहून येतात. सूप आणि कॉली ते चालवत नाहीत. त्यांना नुसती चौकटच दिसली."

"मग कोण चालवतं?"

"पपेटिअर. जावास्क्रिप्टमधली लायब्ररी. ती पडद्याविना खराखुरा ब्राउझर उघडते आणि पान भरेपर्यंत थांबते. फार मेमरी खाते, चारशे पानांना जड गेली असती. पण संशयाची पानं थोडीच आहेत."

मैनाने लगेच पपेटिअर चालवलं. चौकटी एकेक करून भरू लागल्या. तिसरी. सातवी. मग सावंतवाडीची एक रक्तपेढी: बॉम्बे गट, दोन पिशव्या.

"फोन लावा!"

"पान जुनं असलं तर?"

"म्हणून तर विचारायचं!"

अनोळखी माणसाला फोन करायचं मी नेहमी टाळतो. लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "थांबा हां, फ्रिज बघून येते." मग आवाज आला, "आहेत, दोन्ही आहेत. हॉस्पिटलला मागणी पाठवायला सांगा, ड्रोन तयार करते."

इराने हॉस्पिटलला कळवलं. उजेड होता तोवर ड्रोन घाट ओलांडून गेला. दुसऱ्या दिवशी मामाने डोळे उघडले आणि चहा मागितला.

मग मी उत्तर लिहायला बसलो. "चि. इरा, एकच नाव नाही. आधी पान बघ. मोडकंतोडकं असेल तर सूप, पानं ढीगभर असतील तर कॉली, मागाहून भरत असेल तर पपेटिअर. आणि काही सापडलं नाही, तर शून्य लिहू नकोस. 'माहीत नाही' असं लिही. या तिन्हींची कामं करणारी लायब्ररी अजून मला माहीत नाही. कदाचित ती तुझ्या हातून व्हायची असेल."

एक मजला उतरून ते हाती देता आलं असतं. पण तिने तिकीट लावून विचारलं होतं. मी कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत चालत गेलो आणि या वेळी पुन्हा न वाचता पाकीट आत टाकलं.