दुसऱ्या रकान्यातल्या बाई

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हे माझ्याच बाबतीत घडलंय. आमच्या सार्वजनिक वाचनालयात, मंगळवारी, भर दुपारी अडीचला.

मोठ्या बाई वारल्या, त्याला दोन महिने झाले होते. चाळीस वर्षं त्यांनी देवघेवीचं टेबल सांभाळलं. त्यांच्या जागी माणूस द्या, म्हणून मी समितीकडे अर्जावर अर्ज करत होते.

माणूस मिळाला नाही. मिळालं काय, तर वेबसाइटवर 'ग्रंथपालांना विचारा' नावाचं चॅट.

"वाचकांनी घरून विचारायचं, तुम्ही लगेच उत्तर द्यायचं," सचिव म्हणाले. "सेवा सुधारेल."

पुस्तकं लावायची कुणी, फोन घ्यायचा कुणी, ते विचारायचं नाही. डोकंच फिरलं माझं.

त्यात चॅट सुरू करायचा फॉर्म दोन कर्मचाऱ्यांची नावं भरल्याशिवाय पुढे सरकेना. वैतागून मी दुसऱ्या रकान्यात मोठ्या बाईंचं नाव टाकलं. त्यांचा पासवर्डसुद्धा कधी बनवला नाही.

त्या मंगळवारी टेबलाशी आले, तर चॅटवर प्रश्न आला होता. कुणाला तरी बागकामाचं एक जुनं पुस्तक हवं होतं.

खाली उत्तर गेलेलं होतं...

'तिसरं कपाट, खालचा कप्पा, मागची रांग. मिळेल हं बाळा.'

मी एकटीच होते.

बाई सगळ्यांना बाळा म्हणायच्या. सत्तरीच्या आजोबांनासुद्धा.

कपाट उघडलं. पुस्तक तिथेच होतं. वर्षभर आमच्याकडे 'गहाळ' म्हणून नोंद होती त्याची.

तेवढ्यात मागून आवाज आला...

टक. टक. टक.

एका बोटाने टाइप केल्यासारखा.

वळून पाहिलं. खुर्ची रिकामी.

मी बाईंचं खातं काढून टाकायला गेले. 'कर्मचारी सध्या ऑनलाइन आहे,' एवढंच येत राहिलं. तीनदा.

आता रोज शेजारी टकटक चालते, उत्तरं जातात. माझ्यापेक्षा झटपट. वाचक खूश आहेत.

सचिवांना सगळं सांगितलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, छान चाललंय ना? मग कशाला खोड काढताय?"

काल माझा अर्ज परत आला. नामंजूर. खाली शेरा होता, 'टेबलावर दोघी आहेत. तिसरीची गरज नाही.'

इतका संताप आला, की सवयीने "बघा ना बाई," म्हणत मी शेजारी वळले...

टकटक थांबली.

माझं बोलणं कुणीतरी ऐकत होतं.

उद्या पुन्हा कामावर जायचंय मला.