हरण्याचं शिंग आणि जस्ताचे कण

हरण्या असा एका बाजूला मान टाकून का उभा राहतो, हे कोडं अंबिकाला सुटत नव्हतं. औशाजवळच्या त्यांच्या गावात आता नांगरट यंत्रं आपली आपणच करत. पण सोयाबीनच्या अरुंद ओळींतली कोळपणी हा बैलच करायचा, तीही फक्त अंबिकाच्या आईच्या हाकेवर. अलीकडे तो डावं शिंग खांबाला घासायचा, डोकं झटकायचा. एका सकाळी त्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्त आलं. आईने त्याला टेम्पोत चढवलं आणि तालुक्याच्या पशुरोग केंद्रात नेलं. अंबिकाही बरोबर गेली.

तिथल्या शास्त्रज्ञ डॉक्टर नसीम पटेल यांनी शिंगाच्या आतला नमुना तपासला.

"शिंगाचा कर्करोग आहे," त्या आईला म्हणाल्या. "शिंग कापावं लागेल, ताई. पण मुळाशी थोड्या जरी पेशी उरल्या तर रोग परत येतो. त्यांच्यासाठी आम्ही एक नवं औषध तपासतोय. जस्ताच्या ऑक्साइडचे नॅनोकण (इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर कण शेजारी शेजारी मावतील)."

"जस्ताचं ऑक्साइड म्हणजे जखमेवर लावायच्या पांढऱ्या मलमात असतं तेच का?" आईने विचारलं.

"तेच."

अंबिकाला हे पटेना. "मॅडम, ते मलम मी कितीदा हातानं चोळलंय. मला काही झालं नाही. मग त्यानं कर्करोगाची पेशी कशी मरेल?"

डॉक्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "तुमच्या घरी तांब्याची घागर आहे?"

"आहे की."

"काळी पडली की काय करता?"

"चिंचेनं घासतो."

"ते काळं म्हणजे तांब्याचं ऑक्साइड (धातू आणि ऑक्सिजन यांचं संयुग). नुसत्या पाण्यानं ते जात नाही. चिंचेतल्या आम्लात मात्र विरघळतं. जस्ताच्या ऑक्साइडचंही तसंच आहे. मलमातलं ऑक्साइड कातडीवर बसून राहतं. नॅनोकण मात्र इतका लहान असतो, की पेशी त्याला गिळून टाकते. पेशीच्या आत पचनाच्या बारीक पिशव्या असतात, आणि त्या आंबट असतात."

"म्हणजे कण तिथे विरघळतो," अंबिका सावकाश म्हणाली.

"हो. आणि जस्ताचे आयन (विद्युतभार असलेले अणू) एकदम मोकळे होतात. पेशीला थोडं जस्त लागतंच, पण एवढं एकदम आलं की तिच्या तंतुकणिका (पेशीची ऊर्जाघरं) बिघडतात. आक्रमक ऑक्सिजन तयार होतो (दिसेल त्या रेणूवर तुटून पडणारं ऑक्सिजनचं रूप). तो पेशीचं आवरण, प्रथिनं, जनुकं, सगळं पोखरतो. शेवटी पेशी आपला कारभार स्वतःच आवरते आणि मरते."

"पण मग चांगली पेशी का नाही मरत?"

"कर्करोगाची पेशी घाईनं वाढते. साखर भराभर संपवते, भोवती आम्ल साठवते, म्हणून तिथे कण लवकर विरघळतात. आक्रमक ऑक्सिजनही तिच्यात आधीच जास्त असतो, त्यामुळे थोडी भर पडली तरी तिला सोसत नाही. चांगल्या पेशीचं काय होतं, ते तू पुढच्या खेपेला स्वतःच बघ."

पुढच्या खेपेला सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर त्यांनी हरण्याच्याच पेशी दाखवल्या. औषध न घातलेल्या बशीत कर्करोगाच्या पेशी दाटीवाटीने माजल्या होत्या. दुसऱ्या बशीत थोडं औषध होतं. तिथल्या बहुतेक रोगट पेशी आकसून गेल्या होत्या, आणि शेजारच्या चांगल्या पेशी मात्र ऐसपैस पसरल्या होत्या. अंबिका बघतच राहिली. डोळ्यांना न दिसणारा कण एवढं नेमकं काम करतो, याचं तिला फार नवल वाटलं.

"मग भरपूर औषध द्या की," ती म्हणाली. "सगळ्या मरतील. शिंगही कापायला नको."

डॉक्टरांनी तिसरी बशी पुढे सरकवली. तिच्यात रोगट पेशी मेल्या होत्या आणि चांगल्याही.

"यात मात्रा जास्त होती," त्या म्हणाल्या. "शिंग वाचावं असं मलाही वाटत होतं. म्हणून हा प्रयोग मी पुन्हा पुन्हा करून पाहिला. दर वेळी हेच झालं."

जे व्हावं असं मनापासून वाटतं, ते होत नाही हे स्वतःच शोधून काढायचं आणि तसं सांगायचं. त्या कणांच्या करामतीपेक्षा डॉक्टरांचं हे वागणं अंबिकाला मोठं वाटलं.

सगळ्या बाहेर आल्या, तेव्हा आईने अंगणात बांधलेल्या हरण्याच्या पाठीवर हात ठेवला. "कापा शिंग," ती म्हणाली. "बैल जगला पाहिजे."

शिंग कापलं. मुळाशी मोजकीच मात्रा भरली. जखम भरत आली तशी हरण्याची मान सरळ झाली, आणि कोळपणीच्या दिवसांत तो एका शिंगाने, पूर्वीच्याच चालीने ओळींतून चालू लागला. तपासणीसाठी पुन्हा नेला, तेव्हा मुळाशी रोगट पेशी सापडली नाही.

"आज तरी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "वर्षभर बघत राहू. माणसांसाठी तर अजून पुष्कळ तपासायचंय."

"मॅडम," अंबिकाने विचारलं, "कणाला असं काही घालता येईल का, की तो चांगल्या पेशीत विरघळणारच नाही?"

डॉक्टरांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. "या बशीत नवं आवरण चढवलेले कण आहेत. आवरण असेतोवर पेशी कण गिळणार नाही, आणि रोगट पेशीभोवतीच्या आंबट जागीच ते उतरावं, अशी माझी कल्पना आहे. काल घातलेत, मी अजून पाहिलेलं नाही. बस, आधी तू बघ."

अंबिका खुर्चीत बसली आणि तिने सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर नजर लावली.