पडदा काळा झाला की

एलॉय सालिनास आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आला तो दारातच घसरला, आणि हातातला मॉनिटर वाचवायच्या नादात स्वतः गुडघ्यांवर आपटला. बाहेर पाऊस होता. त्याची टोपी, भुवया, पापण्या, सगळं निथळत होतं. मॉनिटर मात्र त्याने स्वतःच्या रेनकोटात गुंडाळून कोरडा ठेवला होता.

"लागलं का हो?" मी काउंटरमागून विचारलं.

"याला नाही लागलं," मॉनिटरवर थोपटत तो म्हणाला. "माझी चौकशी सवडीने केलीत तरी चालेल."

मी हसले. चांगली खळखळून हसले. शेजारी विणत बसलेल्या, ऑफिसातल्याच व्हर्नाने सुया थांबवून माझ्याकडे पाहिलं, कारण होल्मडालमध्ये असं कुणी हसत नाही.

होल्मडाल हे नॉर्थ डकोटातलं आमचं गाव. मी तिथल्या सहकारी कोठाराच्या वजनकाट्यावर कामाला होते. गव्हाचे ट्रक काट्यावर यायचे, मी वजन वाचून पावती द्यायची. त्या उन्हाळ्यात पावत्या कॉम्प्युटरवर करायचं ठरलं आणि फार्गोच्या एका दुकानातून वापरलेला, पिवळा पडलेला कॉम्प्युटर आला. तो बसवायचं आणि मला शिकवायचं काम त्या दुकानातल्या एलॉयचं. तो टेक्सासचा. त्याचे आजी-आजोबा दर उन्हाळ्यात आमच्याकडे बीट खुरपायला यायचे. नातू आला आणि कॉम्प्युटरच्या वायरी जोडत इथेच राहिला.

दुसऱ्या खेपेला त्याने डोनटचा खोका आणला.

"घे."

"नको, नको."

"अगं, घे की."

"नको, खरंच नको."

त्याने खोका बंद करून बाजूला ठेवला. माझा जीव त्या डोनटमध्ये अडकलेला! तो पावत्यांचं काही समजावत होता आणि मी खोक्याकडे बघत होते. शेवटी व्हर्नालाच दया आली. "पोरा, इथे तीनदा विचारायचं असतं. पहिल्याला हो म्हटलं की हावरट दिसतं, दुसऱ्यालाही जरा तसंच. तिसऱ्याला घेतात."

"आणि कुणी दोनदाच विचारलं तर?"

"तर उपाशी राहायचं," व्हर्ना म्हणाली आणि पुन्हा विणायला लागली.

एलॉयने खोका उघडून माझ्यापुढे धरला. डोळ्यांत नुसता खट्याळपणा. "मार्लिस, तिसऱ्यांदा विचारतोय..."

मी घेतला. बोटांना साखर लागली, कान गरम झाले, आणि त्या दिवसापासून मी त्याच्या गाडीचा आवाज ओळखायला शिकले.

एकदा त्याने कॉम्प्युटरमध्ये एक छोटासा स्क्रीनसेव्हर टाकला. अगदी साधा. दहा मिनिटं कशाला हात लावला नाही की पडदा काळा व्हायचा आणि आपण लिहून ठेवलेले शब्द उजवीकडून डावीकडे सरकत जायचे. रंग आपण निवडायचा, वेगही आपणच.

"लिही काहीतरी," तो म्हणाला. माझ्या खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात होता.

मी लिहिलं, 'ड्रायव्हरने ट्रकमधून उतरावे.'

"एवढंच? आख्ख्या जगाला सांगायला तुझ्याकडे एवढंच आहे?"

"मग काय लिहू?"

"मनातलं."

"हेच तर आहे माझ्या मनात," मी म्हणाले. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"बरं, एक ऐक. उठताना मॉनिटर बंद करत जाऊ नकोस. चालू-बंद करून जुना मॉनिटर लवकर मरतो. म्हणून तर हा स्क्रीनसेव्हर टाकलाय. ऐकशील?"

"हो," मी म्हणाले.

आमच्याकडे असं 'हो' म्हणायचं असतं. समोरच्याचं मन कशाला मोडा? पण खोलीतून बाहेर पडताना दिवा चालू राहिला तर बाबा अख्खं जेवण न बोलता जेवायचे, त्या घरात मी वाढलेली. खुर्चीतून उठले की बोट आपोआप मॉनिटरच्या बटणावर जायचं. जेवणाच्या सुट्टीत माझ्या जागी व्हर्ना बसायची, ती चालू ठेवायची. मी परत आले की आधी माउस हलवायची, मग बटण दाबायची, त्यामुळे मी मात्र तो स्क्रीनसेव्हर पुन्हा कधी पाहिलाच नाही.

जुलैत त्याने मला विचारलं, "शनिवारी फार्गोला नाचायला येशील?"

"नको... कपडे धुवायचेत."

पुढच्या खेपेला पुन्हा. "येशील?"

"नको... बघू."

खिडकीबाहेर गहू पिवळा होत होता, आत पंखा फिरत होता, आणि त्याचा चेहरा माझ्या इतका जवळ होता की मला धड खोटं बोलता येईना. मनात एकच चाललं होतं, विचार ना रे, आता तिसऱ्यांदा विचार! त्याने तोंड उघडलं... आणि काट्यावर ट्रक आला. ड्रायव्हरला काहीतरी कळेना, म्हणून मी मॉनिटर तसाच सोडून खाली गेले. वर आले तेव्हा एलॉय माझ्या खुर्चीतून उठत होता. उगाचच हसला. "चल, भेटू," म्हणाला आणि गेला.

मग सुगी आली. ऑगस्टभर ट्रकची रांग, धुळीने नाक चोंदलेलं, आणि एलॉयचा पत्ता नाही. मी रोज घरी जाताना स्वतःला सांगायची, उद्या येईल, उद्या विचारेल.

तो आला सप्टेंबरात. जेवणाची सुट्टी होती; माझ्या जागी व्हर्ना होती आणि मी काउंटरच्या बाहेरच्या बाजूला शेतकऱ्यांशी बोलत होते. व्हर्नाला उठवून तो माझ्या खुर्चीत बसला, मॉनिटर स्वतःकडे वळवला आणि हाताची घडी घातली. काही केलं नाही. नुसता बसून राहिला, पडद्याकडे बघत. बराच वेळ.

"बिघडलंय का काही?" मी विचारलं.

त्याने वर पाहिलं. ते डोळे मी कशी विसरू? "नाही. सगळं होतं तसंच आहे," तो म्हणाला. माझ्याशी हात मिळवला, परक्या माणसाशी मिळवतात तसा. मग गेला. त्याच्यानंतर दुकानातून दुसराच कुणी यायला लागला.

मी काय चुकले ते मला कळेना. विचारणार कुणाला? आमच्याकडे असलं कुणी कुणाला विचारत नाही. मी जेवत होते, झोपत होते, चर्चमध्ये गात होते, आणि आत सगळं सुकून गेलं होतं.

नोव्हेंबरात बर्फ पडल्यावर एका दुपारी गिल्माबाईंचा फोन आला. चर्चच्या जेवणावळीत बटाटे कोण सोलणार, हा विषय. फोनवर समोरच्या माणसाला मध्येच तोडणं आमच्यात बसत नाही, म्हणून मी खुर्चीत बसून "हो... हो ना..." करत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. पडदा काळा झाला. उजवीकडून निळी अक्षरं सरकत आली.

'मार्लिस, तिसऱ्यांदा विचारतोय. हो असेल तर इथले शब्द बदल. नसेल तर राहू दे. मी येऊन बघेन आणि पुन्हा कधी विचारणार नाही.'

ती सरकत गेली आणि पुन्हा आली. गिल्माबाई बटाट्यांवर बोलतच होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तोंडावर फोन ठेवला.

"व्हर्ना..."

व्हर्नाने विणकाम खाली ठेवलं. "मला वाटलं, तू पाहिलंयस."

"तू पाहिलं होतंस?"

"जेवणाच्या सुट्टीत रोज यायचं. सगळ्यांनीच वाचलं असेल गं. तू परत येताना दिसलीस की मी माउस हलवून घालवायची. तुला अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून. मला वाटलं तुझा नकार आहे, मग आपण कशाला बोलायचं?"

सगळ्या गावाने वाचलं होतं. सगळं गाव सभ्यपणे गप्प बसलं होतं. मला किंचाळावंसं वाटलं.

मी फार्गोला फोन लावला. तो अजून होता तिथे. "एलॉय, मी मार्लिस. मी ते आज वाचलं. मी उठताना मॉनिटर बंद करायची रे, तुला हो म्हणूनसुद्धा... एलॉय, माझं हो आहे. तेव्हापासून हो आहे."



"मार्लिस," तो म्हणाला, "मी परवा घरी चाललोय, कायमचा. नाताळात लग्न आहे माझं. आमच्या गावातलीच आहे, डेलिया. शाळेपासूनची ओळख."

"तू तिला विचारलंस?"

"हो."

"आणि ती... पहिल्यांदाच हो म्हणाली?"

"पहिल्यांदाच."

मी खिडकीबाहेर बघत होते. बर्फ, आणि बर्फापलीकडे काहीच नाही. "छान झालं," मी म्हणाले. "अभिनंदन हं."

"मार्लिस... तू ठीक आहेस ना?"

या प्रश्नाला होल्मडालमध्ये एकच उत्तर आहे, 'हो, ठीक आहे.' आई वारली त्या दिवशी बाबांनीही तेच दिलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "नाही रे, एलॉय. मी ठीक नाहीये."

खाली काट्यावर एक ट्रक येऊन उभा राहिला. व्हर्ना उठून खिडकीशी गेली आणि माझ्याऐवजी वजन वाचायला लागली. मी फोन कानाला धरून मोठमोठ्याने रडत होते, आणि तो पलीकडे ऐकत होता. फोन ठेवायचं त्याच्याने होईना, आणि माझ्यानेही.