राजाच्या कपाळावर

नवाच्या सुमारास न्याहारीची भांडी उचलली गेली की सुधीर गुप्ते जेवणाचं टेबल पुसत, त्यावर जुना टर्किश टॉवेल अंथरत आणि मगच नाणी बाहेर काढत. टॉवेल एवढ्यासाठी, की नाणं हातातून निसटलंच तर लादीवर आपटू नये. वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांत हा शिरस्ता त्यांच्या निवृत्तीपासून चालू होता. डोंबिवलीच्या एमआयडीसीत प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस. यांचा वजनकाट्यावर आहे तेवढा विश्वास देवावरही नाही, असं त्यांच्या पत्नी शुभदाताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

त्यांचा जीव जडला होता पार्थियन चांदीवर. दोन हजार वर्षांपूर्वी इराणात राज्य करणाऱ्या त्या राजांनी पुढच्या लोकांची चांगलीच फिरकी घेऊन ठेवली आहे. नाण्याच्या एका बाजूला डावीकडे पाहणारा राजा, दुसऱ्या बाजूला बसलेला धनुर्धारी, भोवती मोडक्या ग्रीक अक्षरांची चौकट. आणि नाव बहुतेक सगळ्यांचं एकच, अर्साक. बाप अर्साक, मुलगा अर्साक, मुलाला हुसकून गादीवर बसलेला भाऊही अर्साक. नाव वाचून काही कळत नाही, तोंडच पाहावं लागतं. दाढीचा कट, डोक्यावरच्या पट्टीची गाठ, आणि कपाळावरची चामखीळ. काही राजांच्या कपाळावर ती खरोखरच आहे, आणि कारागिरांनी इमानाने कोरली आहे. गुप्ते भिंग लावून आधी तीच शोधत.

प्रत्येक नाण्याचा ठसा ते वहीत घेत. नाण्यावर कागद धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवायची. उंच भाग काळा उमटतो, खोलगट भाग पांढरा राहतो. शेजारी तारीख, वजन, खुणा. फोटोत उजेड फसवतो, ठसा फसवत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशा अकरा वह्या कपाटात होत्या.

त्या फेब्रुवारीत मात्र त्यांचं वह्यांत लक्ष नव्हतं. शुभदाताईंच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या जरा वर, मसुरीएवढी काळपट गाठ आली होती आणि महिन्याभरात ती वाढली होती. पाचपाखाडीच्या डॉक्टरांनी चौदा तारीख दिली. गाठ काढायची आणि तपासायला पाठवायची. शुभदाताई बाहेर चपला घालत असताना ते गुप्त्यांना हळूच म्हणाले, "वाईट धरूनच चला." एकोणचाळीस वर्षांच्या संसारात बायकोपासून काही लपवायची सवय नव्हती. हे त्यांनी लपवलं, आणि अर्थातच तिला ते रिक्षातच कळलं.

तीन तारखेला इनास डिमेलो आला. कंपनीतला जुना सोबती, तलावपाळीच्या चर्चमागे राहणारा. एरवी चहाचे दोन कप झाल्याशिवाय हा उठायचा नाही. त्या दिवशी बसलासुद्धा नाही. खिशातून त्याने आईची रोझरीची डबी काढली आणि त्यातलं एक पार्थियन नाणं टॉवेलवर ठेवलं.

"वहिनींचं ऐकलं. हे ठेव तुज्याकडे."

"अरे, असं कसं? किंमत काय याची..."

"विकत नाय देत. दिलं तुला. आता तुजंच."

"आणि वहिनींचा याच्याशी काय संबंध?"

इनासने डबी बंद केली. "त्यांना दाखव एकदा," म्हणाला आणि गेला.

गुप्त्यांनी ठसा घेतला. वजन तीन पूर्णांक सत्त्याऐंशी ग्रॅम. धनुर्धाऱ्याच्या पायाशी, कडेला एक खाच. राजाचं कपाळ स्वच्छ. बिनचामखिळीच्या राजांतला हा कोण, हे पुस्तकातून शोधायला ते आत गेले आणि परत येऊन बघतात तर काय, राजाच्या कपाळावर कुंकू!

"अगं, दोन हजार वर्षांचं नाणं आहे ते!"

"मग तर मोठेच पाहुणे," शुभदाताई अंगठा पुसत म्हणाल्या. "चांदी घरात आली की कुंकू लावायचं, आमच्या आईची पद्धत. म्हटलं, आलाच आहात तर आमचंही जरा बघा."

एरवी गुप्ते चिडले असते. त्या दिवशी चिडवेना. कापूस शुद्ध पाण्यात बुडवून त्यांनी कुंकू पुसलं. सगळं निघालं, भुवईच्या वरचा एक कण सोडून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कण भिंगाखाली धरला. तो लाल नव्हता, चांदीचाच होता. ठशात मोहरीएवढा काळा ठिपका उमटला. आदल्या दिवशीच्या ठशात त्या जागी काही नव्हतं. तीन दिवसांनी ठिपका मसुरीएवढा झाला. वजन तेच, तीन पूर्णांक सत्त्याऐंशी. चांदी आपोआप उगवत नाही, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. गुप्त्यांनी काटा दोनदा तपासला.

आणि शुभदाताईंची गाठ उतरत होती. आधी खडबडीतपणा गेला, मग काळेपणा. चौदा तारखेला डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, बोट फिरवलं, जुना फोटो पाहिला, पुन्हा बोट फिरवलं. "काढायला काही शिल्लकच नाही," म्हणाले. "असं क्वचित होतं. महिन्याने दाखवा."

परत येताना रिक्षात गुप्ते रडले. शुभदाताईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "अहो, मी आहे ना इथे." देवावर विश्वास नसलेल्या त्या माणसाने कोपऱ्यावर रिक्षा थांबवून एक किलो पेढे घेतले आणि पहिला पेढा रिक्षावाल्याला दिला. एवढं ऋणी त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, फक्त कुणाचं ते नीट सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन ते इनासकडे गेले. दार त्याच्या मुलीने, स्वीडलने उघडलं. बत्तीस वर्षांची, चर्चमध्ये रविवारी गाणारी. पेढे घेऊन ती गुणगुणतच आत गेली.

"झालं ना?" इनास म्हणाला. त्याने काय झालं ते विचारलं नाही.

"तुझे उपकार कसे फेडू, इनास? आता नाणं तरी परत घे."

"नको." तो घाईघाईने म्हणाला. मग म्हणाला, "तू बघितलंयस ते आदी. शहाण्णव साली, आईकडे होतं तवा. ठसा पन घेतलेलास."

"मला नाही आठवत."

"वही बघ." आतून स्वीडलचा आवाज येत होता. इनास तिकडे पाहत होता, मग भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे. "आईनी विचारलं नाय कोनाला. तिनी आपलं नाणं हातात घेतलं नि पोरीच्या उशाशी बसली."

घरी येऊन गुप्त्यांनी शहाण्णवची वही काढली. मार्चच्या पानावर ठसा होता. तीन पूर्णांक सत्त्याऐंशी. पायाशी खाच. आणि राजाच्या गळ्यावर मसुरीएवढी काळी गाठ, शेजारी त्यांच्याच अक्षरात: "कोरण्यातला दोष?"

त्या वर्षी स्वीडल चार वर्षांची होती. तिच्या गळ्यात गाठ होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि पोर बरी झाली होती. पेढे तेव्हाही वाटले गेले होते. त्याच पावसाळ्यात इनासची आई गेली. गळ्याच्या आजाराने.

आता राजाचा गळा स्वच्छ होता. म्हणजे नाणं दुखणं घेतं, पण ठेवून घेत नाही. ज्याच्या मालकीचं असेल, त्याच्याकडे उतरवतं.

गुप्त्यांनी टॉवेल अंथरला. नाणं ठेवलं. कागद धरला.

कपाळ स्वच्छ उमटलं.

त्यांनी दुसरा कागद घेतला. पेन्सिल जोरात फिरवली. स्वच्छ.

ते उठले ते थेट स्वयंपाकघरात. शुभदाताई कणीक मळत होत्या. गुप्त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरून खिडकीकडे वळवलं आणि भुवईच्या वर बोट फिरवलं. काही नव्हतं. गुळगुळीत, ऊबदार कपाळ.

"अहो, हे काय भलतंच!"

"काही नाही. तू बरी आहेस."

दुखणं तिच्याकडे परत गेलं नव्हतं. गुप्त्यांना एवढं पुरे होतं. घाबरायला हवं होतं खरं, पण मनात फक्त आभार दाटून आले होते. इनासचे, त्याच्या आईचे, त्या अर्साकाचे. त्यांनी टेबलाकडे वळून हात जोडले.

"बघा, पेन्सिल लावून घेतलीत कपाळाला," शुभदाताई हसल्या. "थांबा."

त्यांनी हात धुतला आणि ओला अंगठा गुप्त्यांच्या डाव्या भुवईच्या वर घासला. मग पुन्हा, जरा जोर लावून.

"जात कसं नाहीये हो?"

"राहू दे," गुप्ते म्हणाले. "चहा टाक."

शुभदाताईंनी अंगठा उजेडात धरून पाहिला. अंगठा स्वच्छ होता.