मेंढवाड्यावरची बाग

शहाण्णव सालच्या एप्रिलात आम्ही जळोचीत राहायला आलो. घरामागेच नवी बाग होती. दोन झोपाळे, उन्हानं तापणारी पत्र्याची घसरगुंडी, करंजाचं कुंपण. पूर्वी तिथं मेंढरांचे तळ पडायचे. माळ्यानं पाणी मारलं की मातीला अजून लेंड्यांचा वास यायचा.

रोज पाचला मी लेकीला, सुकन्याला, तिथं न्यायची. ती तीन वर्षांची. तिच्यावरून नजर हटवायची नाही, हा माझा नियम. "झूलॉजी शिकलीस ती पोरीवर पाळत ठेवायलाच," असं माझा नवरा सोमनाथ म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

त्या मंगळवारी चपलेतला खडा काढायला मी वाकले. तेवढंच. सुकन्या कुंपणामागून आली ती काळ्या लोकरीची कुंची घालून. अंगाची लाही होत होती, आणि तिला घामाचा थेंब नव्हता. कपाळावरचे केस मात्र ओले, चाटल्यासारखे एकाच दिशेनं चापून बसलेले.

"कुणी घातली गं?"

"आईनं."

कुंचीला नासक्या दुधाचा वास होता. मी ती कुंपणात भिरकावली.

दुसऱ्या दिवशी झोपाळ्याजवळून हलले नाही. झोपाळा मागे गेला, पुढे आला, आणि कुंची तिच्या डोक्यावर होती.

माळी गेणू पाइप धरून उभा होता. इथं कोण बाई येते, मी विचारलं.

"बाई? कुनी न्हाय. तुमीच घातली की वैनी, कालबी अन् आजबी. मी म्हनलं, शिकल्याली मानसं, एवढ्या उन्हाचं लेकराला उकडून काढत्यात."

या वेळी कुंची घरी आणली. माझ्या सासूबाई, पुतळाबाई, लग्नाआधी मेंढरांमागं हिंडलेल्या. त्यांनी ती नाकाशी धरली आणि भाकरी थापायची राहिली.

"मेंढीचं कोकरू मेलं, की त्याचं कातडं दुसऱ्या कोकरावर बांधत्यात. मेंढी हुंगती, आपलंच समजून पाजती. दोन-तीन दिसांनी कातडं काढलं तरी चालतं."

"आणि त्या कोकराची खरी आई, आत्या?"

"ती मेल्याली असती."

"जिवंत असली तर?"

त्यांनी तवा खाली उतरवला. "मग तिलाच वळखू येत न्हाय. वास बदलतो." कुंची खाली ठेवत म्हणाल्या, "तळावर लेकरू गेलं तर तितंच पुरायचं अन् म्होरं जायचं. आईलाबी थांबता येत नव्हतं."

सोमनाथला सांगितलं. "बी.एस्सी. पाण्यात गेली," म्हणाला, आणि माळेगावला कारखान्याच्या पाळीवर निघून गेला.

तिसऱ्या दिवशी कुंची बंबात जाळली. बागेत गेले नाही. दाराला वरची कडी घातली. सुकन्याला साबणानं, मग शिकेकाईनं, मग डाळीच्या पिठानं घासून न्हाऊ घातलं. पुसून मांडीवर घेतलं आणि तिच्या टाळूला नाक लावलं.

साबण. शिकेकाई.

त्याखाली कुणाची तरी मुलगी.

मी तिला मांडीवरून ढकललं. ठरवून नाही; हातच गेले.

ती पडली. उठली. रडली नाही.

बंद दाराशी गेली. एक हात वर केला आणि मूठ मिटली, मोठ्या माणसाचं बोट धरावं तशी.

कडीपर्यंत तिचा हात पोचत नव्हता. मी उठून काढून दिली.