नाकापुढचा बर्फ

काचेमागच्या लांडग्यावर बर्फ चाळणं, हे त्याचं संग्रहालयातलं काम. संगमरवराची भुकटी आणि काचेची बारीक चुरी मिसळायची, चाळणीतून हलकेच सोडायची. जुना थर धुळीनं पिवळा पडला, की ब्रशनं काढून नवा द्यायचा. भुकटी उडू नये म्हणून तो तोंडाला फडकं बांधी. सगळे त्याला बर्फोबाच म्हणत.

आठवड्यापूर्वी त्याच्या हातून एक चूक झाली. जिवंत जनावराच्या श्वासानं नाकापुढे बर्फ टिकत नाही, म्हणून भुसा भरलेल्या जनावराच्याही नाकापुढे जागा मोकळी ठेवतात. घाईत त्यानं तिथंही भुकटी चाळली. सकाळी पाहतो, तर वीतभर जागा मोकळी! कुणीतरी फुंकर मारल्यासारखी.

त्यानं मुद्दाम पुन्हा भुकटी घातली. सकाळी पुन्हा तेच.

काचेमागे जायच्या मागच्या दाराची दुसरी किल्ली फक्त दाजींकडे. दाजी म्हणजे त्याच्या ताईचा नवरा, रात्रपाळीचा पहारेकरी.

"अहो बर्फोबा, मेलेल्या लांडग्याला फुंकर घालायला मला काय खूळ लागलंय?" दाजी हसले.

ते हसणंच त्याला खटकलं. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दाजी रात्री काचेमागे शिरतात, असं त्यानं संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमच्या कानावर घातलं, आणि दाजींची नोकरी गेली. ताई फोनवर एवढंच म्हणाली, "माझा संसार म्हणजे तुला तुझ्या चाळणीतली भुकटी वाटली का रे?"

आज सकाळी दाजी किल्ली परत द्यायला आले होते. तेव्हा तो काचेच्या आतच होता, लांडग्याशेजारी गुडघ्यांवर. नाकापुढे त्यानं भुकटी चाळली, चाळणी खाली ठेवायला वळला, पुन्हा पाहिलं...

जागा मोकळी होती.

दार आतून बंद. किल्ली त्याच्याच खिशात.

म्हणजे दाजी खरं बोलत होते! काचेपलीकडे दाजी गणवेशाची घडी टेबलावर ठेवून दाराकडे निघाले होते. तो धडपडत उठला, फडकं ओढून काढलं, आणि गारठलेल्या काचेला तोंड लावून ओरडला, "दाजी! थांबा... माझी चूक झाली!"

दाजींनी वळूनही पाहिलं नाही. बाहेरचं दार लागलं.

एवढा ओरडला, तरी त्याच्या तोंडापुढे काचेवर वाफ धरलीच नाही.

वाफ धरली होती ती खाली, लांडग्याच्या नाकासमोर. ती हळूहळू विरली... आणि पुन्हा धरली.