रेसवरचा पाय

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मी स्वतः इंजिनिअर आहे, भुताच्या गोष्टींना हसणारी. आणि हे काही रात्रीबित्री घडलेलं नाही. मे महिन्यातला रविवार, दुपारचे दोन, फरीदाबादमधलं एक गॅरेज.

बाबांची जुनी गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद पडायची. ॲक्सिलरेटर, म्हणजे रेस, सोडल्यावर इंजिनाला हवा देणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो बिघडलेला. म्हणून बाबा सिग्नलला उजवा पाय रेसवर हलकासा दाबून ठेवायचे.

"पायाला गोळा येतो गं, प्रणिता. तेवढा व्हॉल्व्ह बदलून आण."

"पुढच्या रविवारी, बाबा. नक्की."

असे किती रविवार गेले...

जानेवारीत त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मीच गाडी काढली. बदरपूरच्या सिग्नलला घाबरून रेसवरचा पाय उचलला.

गाडी बंद.

दहा मिनिटं सुरूच होईना. मागे नुसते हॉर्न. शेजारच्या सीटवर बाबा उजवा पाय रिकाम्या जागेत दाबत होते.

"पाय उचलू नकोस..."

हॉस्पिटल यायच्या आधीच ते गेले.

त्यानंतर सिग्नलला पाय उचलला तरी गाडी एकदाही बंद पडली नाही.

एकदाही नाही...

मला ते सहन होईना. म्हणून गॅरेजला नेली. गौरव मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून व्हॉल्व्हची वायर काढली. व्हॉल्व्ह चालू असता तर इंजिनाचा आवाज बदलायला हवा होता.

बदलला नाही.

इंजिन बंद करून त्याने व्हॉल्व्ह खोलला. आत काजळी गच्च बसलेली.

"मैडम, ये तो कब का जाम है. गाड़ी खड़ी-खड़ी चल कैसे रही है?"

व्हॉल्व्ह परत लावून त्याने गाडी सुरू केली, उतरला आणि बॉनेटखाली वाकला.

"मैडम, रेस से पैर हटाओ."

मी त्याच्या शेजारीच उभी होते.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग रेसच्या ताणलेल्या तारेकडे... मग काचेतून आत.

सीट रिकामी होती.

मी दार उघडलं. रेसचं पेडल जरासं खाली दबलेलं होतं. थरथरत होतं... गोळा आलेला पाय थरथरतो तसं.

"नया है मेरे पास," गौरव हळूच म्हणाला. "लगा दूँ?"

मी नवा व्हॉल्व्ह घेतला, पण बसवू दिला नाही. तो बसला की बाबांना पाय ठेवायची गरज उरणार नाही. ते जातील. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. अजूनही नाही.

आईला यातलं काही माहीत नाही. पण काल चहा गाळता गाळता म्हणाली, "तुझे बाबा हल्ली रोज स्वप्नात येतात. बोलत काही नाहीत. नुसता उजवा पाय चोळत बसतात."



व्हॉल्व्ह डिकीत पडून आहे, चार महिने झाले. कळतं, पण वळत नाही.

आज बदरपूरच्या सिग्नलला मी पाय उचलला. गाडी चालूच राहिली.

"पुढच्या रविवारी, बाबा," मी म्हणाले. "नक्की."

खाली पेडल थरथरत होतं.